चूल चकचकीत नंतर करा, आधी धुराची वाट तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत चुलीवरच्या स्वयंपाकावर पानभर लेख आला होता, तो माझ्या भाच्याने पुण्याहून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, आत्या तुझीच आठवण आली. लेख छान होता, नाही म्हणत नाही. पण दोन ठिकाणी अडखळले. एक म्हणजे त्यात म्हटलंय की चुलीवरच्या जेवणाला चव येते ती धुरामुळे. आणि दुसरं म्हणजे परदेशातल्या जुन्या बिडाच्या चुली आता हौशी लोक फार्महाऊसवर आणून बसवतात आणि त्यांना "थोडी घासपूस आणि काळा रंग" दिला की झालं, असं एक वाक्य आहे. ह्या दुसऱ्या वाक्यासाठी हा पत्रप्रपंच, कारण थोडी घासपूस आणि काळा रंग ह्यावर आम्ही सहाशे डॉलर घालवलेत आणि वर ऐन दिवाळीत पाहुण्यांसकट धूर खाल्लाय.

मी मूळची कोल्हापूरकडची, पन्हाळा तालुक्यातली. गेली सत्तावीस वर्षं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरच्या बाजूला. नोकऱ्या संपल्यावर आम्ही दोघांनी गावाबाहेर एक जुनं लाकडी घर घेतलं, त्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ही चूल पडलेली. चूल म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते ती नव्हे हं, हे कंबरेएवढं उंच, टेबलासारखं सपाट डोक्याचं बिडाचं धूड, वर सहा गोल झाकणं, डाव्या हाताला जळण घालायची पेटी, मधे ओव्हन, आणि मागून पाइप वर जाणार. चौघांना हलेना. ओव्हनच्या दारावर मोठ्या अक्षरात ग्लेनवुड असं ओतलेलं आणि बाजूला सी. आमचे हे म्हणाले, भंगारवाल्याला बोलवू. मी म्हटलं थांबा, बीड आहे, बिडाचा तवा कुणी फेकतं का.

ग्लेनवुड म्हणजे टॉन्टन गावची. आमच्यापासून गाडीने तासभर. वीअर स्टोव्ह कंपनी नावाचा कारखाना तिथे १८७९ साली निघाला आणि पुढे त्यांच्या ग्लेनवुड चुली ह्या भागात घरोघरी गेल्या. "स्वयंपाक सोपा करते" अशी त्यांची जाहिरात असायची. सोपा कुणाला ते पुढे सांगते.

तर आम्ही काय केलं, जुन्या वस्तू नीट करून देणारा एक माणूस गाठला (नाव कशाला घ्यायचं), त्याने तीन आठवड्यांनी चूल परत आणून दिली ती अशी चकचकीत की शेजारपाजारचे बघायला आले. काळाभोर रंग, निकेलच्या पट्ट्या पॉलिश केलेल्या, हँडल फिरवलं की फिरतंय. पाइप चिमणीला जोडला. दिवाळीला न्यू जर्सीहून माझी नणंद आणि भावजी आलेले, म्हटलं आज चकल्या ह्या चुलीवर. पेटवली. पहिली पाच मिनिटं सगळे मोबाइल काढून व्हिडिओ घेत होते. मग ओव्हनच्या वरच्या सांध्यातून एक बारीक धुराची रेघ निघाली, मग झाकणांच्या कडेने, मग मागून, आणि नवा रंग तापल्यावर त्याचा वास वेगळाच, तेवढ्यात छतावरचे अलार्म कोकलायला लागले. भावजींनी खिडक्या उघडल्या, बाहेर तापमान शून्याच्या आसपास. चकल्या शेवटी गॅसवरच झाल्या आणि आम्ही स्वेटर घालून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातले आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे, त्यांच्या आईची चूल अशीच होती म्हणे. त्यांनी रंगाकडे बघितलं पण नाही. खाली गुडघ्यावर बसले, ओव्हनच्या दाराच्या खाली एक हाताच्या पंजाएवढी झाकणपट्टी असते, मला ती नक्षी वाटली होती, ती त्यांनी स्क्रूड्रायव्हरने उचकटली आणि लांब दांड्याचं एक खुरपणं आत घालून ओढायला सुरुवात केली. दोन बादल्या राख निघाली. दगडासारखी घट्ट झालेली, तिच्यात उंदराचं घरटं, अक्रोडाची टरफलं, एक चमचा. म्हणजे त्या माणसाने बाहेरून रंग दिला पण आत हात सुद्धा घातला नव्हता. आजोबा हात झटकत म्हणाले, धूर बिचारा जाणार कुठे.

हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर सहाशे डॉलर वाचले असते.

आता ही चूल चालते कशी ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय तिला हात लावू नये. डावीकडे जाळ. पाइपच्या अलीकडे एक झडप असते, तिला डँपर म्हणतात. पेटवताना झडप उघडी, धूर सरळ पाइपात. जाळ नीट लागला की झडप बंद करायची, मग धुराला सरळ वाट राहत नाही, तो ओव्हनच्या डोक्यावरून पलीकडे जातो, उजव्या बाजूने खाली उतरतो, ओव्हनच्या पोटाखालून वळसा घेतो आणि मग मागून वर चिमणीत. म्हणजे ओव्हनला वरून, बाजूने, खालून धुराची मिठी. ही सगळी वाट जेमतेम दोनेक इंच रुंदीची. तिच्यात राख साचली की संपलं, ओव्हन तापत नाही आणि धूर मिळेल त्या फटीतून घरात येतो.

मी हे सगळं कागदावर काढून माझ्या धाकट्या भावाला पाठवलं. तो कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होता, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथे, आता रिटायर झालाय. त्याने बघितलं आणि फोनवर हसायलाच लागला. "आक्का, हे तर गुऱ्हाळाचं चुलवाण हाय की गं!" आणि खरंच की. आमच्या गुऱ्हाळावर काय वेगळं होतं, तोंडाशी रस काढलेल्या उसाची चिपाडं घालायची, जाळ रसाच्या काहिलीच्या बुडाखालून पळत जायचा आणि पलीकडच्या टोकाला उंच धुराडं. जाळ ओढतं ते धुराडं, जळवा नुसता चिपाडं टाकत बसतो. धुराडं नीट ओढत नसेल तर कितीही चिपाडं घाल, रसाला उकळी यायची नाही आणि जळव्याचे डोळे जायचे. लहानपणी सगळं डोळ्यासमोर होतं, पण निकेलची पट्टी लावली की माणसाला आपलीच वस्तू ओळखू येत नाही बघा.

मग आम्ही चूल सगळी सुटी केली. पूर्ण. हे काम थंडीत करू नका, गॅरेजमध्ये बोटं बधिर होतात. आधी प्रत्येक कोनातून फोटो, मग एक एक भाग काढायचा, बोल्ट छोट्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठी. भागांच्या पाठीवर नंबर ओतलेले असतात ते लिहून घ्यायचे, कारण एका मॉडेलची प्लेट दुसऱ्याला लागत नाही, दिसायला अगदी जुळी वाटली तरी. बोल्ट शंभर वर्षं गंजलेले, पान्याने जोर केला की बोल्ट तुटतो नाहीतर त्याच्याभोवतीचं बीड तडकतं, आणि बोल्ट दोन रुपयाचा आणि कान तुटला तर काय करणार. ह्यांनी युक्ती शिकली, नट टॉर्चने तापवायचा आणि तापलेल्या नटला मेणबत्ती टेकवायची, मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं जातं, थोडं निवलं की हलक्या हाताने मागेपुढे मागेपुढे. एका बोल्टला कधी कधी अर्धा दिवस. जे अगदीच हटून बसले ते कापून काढले.

गंज काढायला छोट्या भागांसाठी आम्ही पाण्याच्या टबात धुण्याचा सोडा घालून बॅटरी चार्जरची पद्धत वापरली, निगेटिव्ह चिमटा चुलीच्या भागाला आणि पॉझिटिव्ह एका भंगार लोखंडी पट्टीला, रात्रभर ठेवलं की गंज काळ्या चिखलासारखा सुटतो आणि ब्रशने निघतो. हे बघून कुणी करणार असेल तर दोन गोष्टी सांगते, उघड्यावर करा कारण त्यातून हायड्रोजन निघतो, आणि पट्टी स्टेनलेसची अजिबात घेऊ नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. मोठ्या भागांना वायर ब्रश आणि घाम.

आणि एक. जुन्या चुलीच्या सांध्यात, दाराच्या कडेला, पाइपच्या भोवती पांढुरकी दोरी किंवा पुठ्ठ्यासारखं काही दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडायचं नाही, झाडूने झाडायचं नाही, घरातल्या व्हॅक्युमने तर नाहीच. आमच्या दाराला होतं. ते आम्ही तपासून घेतलं आणि काढायला माणूस बोलावला, पैसे गेले, पण फुफ्फुसं एकच जोडी मिळते.

सगळं सुटं झाल्यावर कळलं खरं दुखणं कुठे आहे. जाळाची पेटी आणि ओव्हन ह्यांच्या मधे आतून एक बिडाची जाड प्लेट असते, जाळाचा मारा तिने खायचा आणि ओव्हनची भिंत वाचवायची. आमची ती प्लेट तीन ठिकाणी तडकून वाकडी झाली होती आणि वरच्या रंगवाल्याने भेगांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर काळा रंग फासला होता. गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी! पहिल्या जाळात ती जळून गळून पडली, तोच वास दिवाळीत आला होता.

इथे चौकशी केली तर एक जण म्हणाला वेल्ड करा, दुसरा म्हणाला करू नका. भावाला विचारलं. तो म्हणाला, बिडात कार्बन जास्त, साधं वेल्डिंग मारलंस तर शेजारी नवी भेग जाईल, करायचंच तर आधी पूर्ण तुकडा तापवून, निकेलच्या रॉडने, आणि सावकाश गार करत, पण जाळाच्या तोंडी असलेल्या प्लेटला हे टिकणार नाही, नवीन ओतून घे. मी म्हटलं मग हाच तुकडा जोडून त्याचा साचा घेते. तर म्हणे, शिकलेली आहेस ना तू? बीड ओतल्यावर गार होताना आकसतं, फुटाला साधारण सुताएवढं, म्हणजे एक टक्का. जुन्या प्लेटवरूनच साचा घेतलास तर नवीन प्लेट तेवढी आखूड येणार, आणि तुझी प्लेट वाकडी, म्हणजे आखूड आणि वाकडी. पॅटर्नवाल्यांची म्हणूनच वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा मोठा असतो. चाळीस वर्षं हा माणूस ती पट्टी वापरत होता आणि मला आज कळलं.

मग काय, मागच्या जानेवारीत गावी जाताना प्लेटचे तिन्ही तुकडे टॉवेलात गुंडाळून सूटकेसमध्ये घातले. मुंबईला कस्टमवाल्याने उघडायला लावलं. काय आहे म्हणाला, म्हटलं चुलीचा भाग. अमेरिकेहून चूल आणताय? म्हटलं आणतेय, परत पण नेणार आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं आणि जा म्हणाला.

भावाने घरच्या ओसरीवर तुकडे जुळवून, वाक डोळ्याने वजा करून, सागवानाचा पॅटर्न केला. चार दिवस लागले. मधेच विचारतो, तापतं किती? म्हटलं जाळाच्या अगदी अंगाला आहे, मोजलं नाही. तर म्हणे तापल्यावर वाढणार, फूटभर प्लेट लाल व्हायच्या बेताला आली की दीड-दोन मिलिमीटर लांबते, तिला वाढायला जागा ठेवली नाही तर एकतर ती फुटेल नाहीतर शेजारणीला फोडेल. म्हणून आकसण्याचं एक टक्का वाढवलं आणि मग दोन बाजूंनी थोडं थोडं परत कमी केलं. बघणाऱ्याला वाटेल काय येडेपणा, वाढवतोय आणि कमी करतोय. ओळखीच्या फाउंड्रीत दुसऱ्या मालाबरोबर ओतून मिळाली, पैसे घेतले नाहीत, पेढे घेतले. येताना सूटकेसमध्ये चटण्या, मेतकूट आणि सात किलोची प्लेट. इथे आल्यावर बसवली तर अशी बसली की ह्यांनी पहिल्यांदा "मेहुण्याला मानलं" असं म्हटलं, जे आमच्या लग्नापासून झालं नव्हतं.

परत जोडताना सगळे सांधे भट्टीच्या सिमेंटने लिंपायचे, डब्यात तयार मिळतं, लोण्यासारखं असतं. जुनं पूर्ण खरवडून काढायचं, बीड जरा ओलं करायचं, सिमेंट बोटाने लावायचं आणि मग वरची प्लेट ठेवून बोल्ट हळूहळू आवळायचे. मी लावत होते आणि हात आपोआप आईसारखा फिरत होता, ती दर दोन चार दिवसांनी चूल सारवायची ना, माती शेण कालवून, भेगेत आधी अंगठा आणि मग चार बोटं. लिंपून झाल्यावर रात्री गॅरेजचे दिवे बंद करून चुलीत बल्ब ठेवला आणि चारी बाजूंनी फिरून बघितलं. मागच्या कोपऱ्यात केसाएवढी एक उजेडाची रेघ होती. जिथून उजेड बाहेर येतो तिथून धूर पण येणार. ती बुजवली, परत बल्ब, परत अंधार. ही परीक्षा रंगवाल्याने एकदा जरी केली असती तरी.

पहिले तीन जाळ अगदी लहान, वर्तमानपत्र आणि चार काटक्या, सिमेंट सुकायला. ह्यांना घाई. मी मोठा जाळ घालू दिला नाही.

चिमणीबद्दल थोडक्यात सांगते, जरी खर्च सगळ्यात जास्त तिथेच झाला. आमची विटांची चिमणी आतून फुटकी होती, तिच्यात स्टेनलेसचा सहा इंची पाइप वरपासून खालपर्यंत सोडून घेतला. गावच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरची परवानगी लागते इथे, तो टेप घेऊन आला, घर लाकडी, म्हणून चुलीपासून भिंत छत्तीस इंच लांब पाहिजे म्हणाला, कारण असल्या जुन्या चुलीवर कुठल्या लॅबचा शिक्का नसतो. आमची भिंत बावीस इंचावर होती, ओटा सरकवावा लागला. चिमणीचं तोंड छपरातून निघतं तिथून तीन फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, छपराचा कळस धरून, त्याच्यापेक्षा दोन फूट वर. आणि पाइपचे तुकडे एकात एक बसवताना चुणीदार, म्हणजे आत शिरणारं, टोक खाली, चुलीकडे. सगळ्यांना वाटतं उलट असेल. पण धूर ओढला जातो तो वर, आणि धुरातलं जे पातळ डांबर पाइपच्या भिंतीवरून ओघळतं ते खाली, टोक उलटं बसवलं तर ते डांबर सांध्यातून बाहेर येऊन स्वयंपाकघरात टपकतं. तेच डांबर साचून पेटलं की चिमणीची आग. म्हणून वर्षातून एकदा तरी चिमणी साफ, आणि जळण वाळलेलंच. ओकचं लाकूड फोडून दोन वर्षं ठेवतात इथे. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, वीस टक्क्यांच्या खाली आली तरच चुलीत. भाऊ म्हणतो ओली चिपाडं कुठल्या चुलवाणाला चालतात?

आता स्वयंपाक. जाहिरातीत म्हटल्यासारखा सोपा वगैरे काही नाही, पण शिकता येतो. बटण नाही. जाळाच्या डोक्यावर सगळ्यात कडक, उजवीकडे सरकत गेलं की मंद, अगदी टोकाला आपला वैल. भात डावीकडे उकळी आला की उजवीकडे ढकलायचा, आमटी रटरटत ठेवायची, बिडाचा वरचा भाग इतका सपाट की भांडं उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी झाली की जाळावरचं झाकण उचलून निखाऱ्यावर धरते, फुगते टम्म. पण झाकण उचलायच्या आधी झडप उघडायची, विसरलात की तोंडावर धुराचा भपका. पहिल्या महिन्यात माझ्या भुवया दोनदा गेल्या. ओव्हनच्या दारावर तापमानाचा काटा आहे तो शोभेचा समजायचा, मी आत हात धरून मोजते, शेजारच्या आजोबांची आई असंच मोजायची. आणि गरम चुलीवर गार पाणी सांडायचं नाही. एकदा सांडलं, काय आवाज आला म्हणून सांगू, सुदैवाने तडा गेला नाही.

वर्षभर वापरतो का तर नाही. थंडीचे चार महिने, घर पण त्यानेच गरम राहतं. एरवी इंडक्शन. नव्या पद्धतीच्या स्टोव्हपेक्षा ही बाहेर धूर जास्त सोडते हेही मान्य, त्यामुळे तिचं कौतुक मी बेतानेच करते.

आता धुराच्या चवीबद्दल. आमच्या चुलीत धूर भांड्याला शिवत पण नाही, तो बिडाच्या आड, चिमणीतून छपरावर. तरी आमटीची चव गावासारखी लागते, नणंदेने पण कबूल केलं आणि ती सहजासहजी करत नाही. चव येते ती जाड भांड्याने, एकसारख्या आंचेने आणि तास तास मुरण्याने. मग त्या धुराचं कौतुक कशाला? माझी आई चाळीस वर्षं फुंकणी घेऊन बसली, डोळे कायम लाल, आणि शेवटची दहा वर्षं खोकला. बिडी नाही, तंबाखू नाही. घरातल्या धुराने जगात वर्षाला ३२ लाख माणसं जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, त्यात चुलीपुढे बसणारी कोण असते ते काय सांगायचं. तुमच्या लेखातल्या फोटोत बाई धुरात डोळे बारीक करून हसतेय. त्या फोटोखाली "अस्सल गावरान" असं छापलंय. मला तो फोटो बघवला नाही.

आमच्याकडे निर्धूर चूल पण आली होती बरं का. सरकारची ती योजना १९८३ च्या सुमाराची, आमच्या गावात जरा उशिरा. वैलासकट बांधलेली, मागे सिमेंटचा पाइप भिंतीतून वर. पहिलं वर्ष आई इतकी खूष. मग पाइप काजळीने भरला, तो साफ करायचा असतो हे कुणी सांगितलं नाही, बांधणारा माणूस परत फिरकला नाही, आणि धूर पुढून यायला लागला, आईने शेवटी वैतागून पाइपाच्या भोकात फडकं कोंबलं आणि परत पहिल्यासारखी फुंकत बसली. तेव्हा आम्ही म्हणायचो सरकारी चूल बोगस. आज ओव्हनखालून दोन बादल्या राख निघालेली बघितल्यावर वाटतं, चुलीत काय वाईट नव्हतं हो, एक लांब ब्रश पाहिजे होता.

शोभेच्या चुलीवरून एक आठवलं ते सांगते आणि आवरतं घेते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात डेट्रॉइटच्या एका चूल कंपनीने पंचवीस फूट उंच चूल उभी केली होती, जगातली सगळ्यात मोठी म्हणून. दिसायला हुबेहूब बिडाची. पण होती लाकडाची! कोरलेलं ओक. तिच्यात काडी ओढायची सोय नव्हती. पुढे शंभर वर्षांहून जास्त ती डेट्रॉइटमध्ये राहिली आणि २०११ साली तिच्यावर वीज पडली आणि जळून गेली. पेटली ती अशी एकदाच.

भाच्याला मुळशीच्या प्लॉटवर असली चूल बसवायची आहे, म्हणूनच त्याने लेख पाठवला होता हे नंतर कळलं. त्याला मी लिहिलंय की पावसाळ्यात ठीक आहे बाबा, पण हे दीड-दोनशे किलो तापलेलं बीड एप्रिलमध्ये विझल्यावर पण तासन्‌तास धगधगत असतं, तुझं स्वयंपाकघर म्हणजे भट्टी होईल, शिवाय तुझं छप्पर पत्र्याचं आणि खाली प्लायवूडचं सीलिंग, तिथून चिमणी कशी काढणार ते आधी मला काढून पाठव. त्याने अजून पाठवलं नाहीये. नुसती ठेवायची असेल तर वर कुंड्या ठेव, कुणाची हरकत नाही, पण मग काळा रंगच दे, सिमेंटच्या मागे लागू नकोस.

संपादकसाहेब, पत्र लांबलं, कापलंत तरी चालेल, फक्त बल्बचं आणि ॲस्बेस्टॉसचं ठेवा. आणि जमलं तर एक छापा. आमच्या प्लेटचा सागवानी पॅटर्न भावाने टाकला नाहीये, कोल्हापूरला माळ्यावर जपून ठेवलाय. वाचकांपैकी इकडे अमेरिकेत कुणाच्या घरात ग्लेनवुड सी असेल आणि तिची जाळाकडची प्लेट गेली असेल तर तुमच्या कार्यालयात कळवावं, मी परत डिसेंबरमध्ये जाणार आहे आणि सूटकेसमध्ये सात किलोची जागा काढता येईल. मेतकूट कमी आणेन.

आपली,
एक जुनी वाचक
वुस्टर परिसर, मॅसॅच्युसेट्स